आईला डेंटल असिस्टिंग, मुलाला क्रिमिनल जस्टिस: कम्युनिटी कॉलेजात जावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीच्या बी.कॉम., लग्नाआधी काही वर्षं बँकेत नोकरी, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, वर्क परमिट हातात आहे, ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे. तुम्हाला डेंटल असिस्टंट व्हायचंय. एक खासगी संस्था दहा आठवड्यांत शिकवून नोकरी लावून देऊ म्हणते, कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सरकारी, दोन वर्षांपर्यंतच्या कोर्सच्या कॉलेजात, त्याच विषयाला जवळजवळ वर्ष जातं. मुलगा बारावीत आहे, त्याला पोलिसात जायचंय आणि त्यासाठी क्रिमिनल जस्टिस घ्यायचंय. नातेवाईक म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची जागा. दोघांनी जावं का?

मी बरीच वर्षं इथे दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी काम केलं आणि आता कम्युनिटी कॉलेजात डेंटल असिस्टिंग शिकवते. क्रिमिनल जस्टिस हा माझा विषय नाही. पण तो शिकवणारे निवृत्त पोलीस अधिकारी माझ्याच विभागात आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अडचणी रोज कानावर पडतात. तुमच्या मुलाबद्दल जे लिहिलंय ते त्यांच्याकडून तपासून घेतलंय.

तुम्ही जा. मुलालाही पाठवा, पण नुसत्या क्रिमिनल जस्टिसच्या पदवीच्या भरवशावर नको. हे दोन अभ्यासक्रम एकाच इमारतीत, एकाच फीमध्ये शिकवले जातात म्हणून लोक त्यांना एका मापाने मोजतात. तिथेच गफलत होते. डेंटल असिस्टिंगमध्ये वर्गात शिकलेलं थेट परवान्याला आणि नोकरीला लागू पडतं. पोलिसात घेताना मात्र पदवीआधी माणूस तपासतात, आणि ती तपासणी कॉलेजच्या हातात नसते. म्हणून कुठल्याही कोर्सचं माहितीपत्रक वाचण्याआधी शेवटी दारात कोण उभं आहे आणि तो काय मागणार आहे, हे शोधा. मग तिथून मागे मागे या.

नातेवाइकांचं बोलणं आधी बाजूला काढू. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या मापाला, ४६ डॉलर फी पडते. फुटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिट लहान असतं, तिथे ३१ डॉलर. सेमिस्टर पद्धतीत ३५ युनिटांचा कोर्स धरला तर फी १,६१० डॉलर होते. पुस्तकं, स्क्रब्ज, हत्यारांचा संच, लसी, परीक्षेची फी हा खर्च वेगळा, आणि तो थोडाथोडका नसतो. तरीही खासगी संस्थेच्या आकड्याशेजारी हा आकडा मांडून पाहा. तुम्ही बँकेत होतात, मी वेगळं सांगायला नको.

फीच्या बाबतीत आपल्या बायकांचा एक गैरसमज फार दिसतो. एच-फोर म्हणजे बाहेरचे विद्यार्थी, मग फी काही पटींनी जास्त, असं समजून कितीतरी जणी अर्जच करत नाहीत. विद्यार्थी व्हिसा किंवा पर्यटक व्हिसावर रहिवासी ठरता येत नाही हे खरं. एच-फोरवर मात्र ठरता येतं. टर्म सुरू होण्याआधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य हवं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांवरून दिसलं पाहिजे. राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करारनामा घेऊन रेसिडेन्सीच्या खिडकीवर जा. पहिल्या माणसाने नाही म्हटलं तर कुठल्या नियमाखाली ते लेखी मागा. केंद्र सरकारचं पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची शिक्षणाची मदत, मात्र ग्रीन कार्ड येईपर्यंत तुम्हाला किंवा मुलाला मिळणार नाही, ते हिशेबात धरू नका.

आता तुमच्या दारात कोण उभं आहे ते पाहू. डेंटल बोर्ड ऑफ कॅलिफोर्निया. या राज्यात साध्या डेंटल असिस्टंटला परवाना लागत नाही. डॉक्टरांनी ठरवलं तर ते अगदी नवख्या माणसालाही कामावर घेऊ शकतात. त्याला ८ तासांचा संसर्ग-नियंत्रणाचा कोर्स, २ तासांचा राज्याच्या दंतवैद्यक कायद्याचा कोर्स आणि बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे आणीबाणीत जीव वाचवायचं प्राथमिक प्रशिक्षण, एवढं करावं लागतं. एक्स-रे काढायचे तर बोर्डाने मान्य केलेला ३२ तासांचा रेडिएशन सेफ्टीचा कोर्स आणि त्याचं सर्टिफिकेट हवंच. डॉक्टर जवळ उभे आहेत, काढा म्हणताहेत, म्हणून चालत नाही.

याच्या वरची पायरी म्हणजे रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट, सगळे आरडीए म्हणतात. हा खरा परवाना. लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, मग नंबर. आरडीएला जास्त कामं करता येतात. तात्पुरते क्राउन बसवणं त्यात येतं, आणि वेगळं सर्टिफिकेट असेल तर दातांचं पॉलिशिंग आणि सीलंट, म्हणजे दाढांच्या खाचा बुजवणारा लेपही. परीक्षेला बसायचे रस्ते मुख्यतः दोन. बोर्डाने मान्य केलेला पूर्ण अभ्यासक्रम करा, किंवा क्लिनिकमध्ये किमान पंधरा महिने आणि १,२८० तास काम करून ठरलेले छोटे कोर्स जोडा. नियम अधूनमधून बदलतात, अर्ज भरण्याच्या आठवड्यात बोर्डाच्या संकेतस्थळावरचंच वाचा, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका.

म्हणून दहा आठवड्यांच्या संस्थेला पहिला प्रश्न असा विचारा: हा कोर्स केला की मी आरडीएच्या परीक्षेला लगेच बसू शकते का? बहुतेक ठिकाणी उत्तर फिरवून मिळतं. दहा आठवड्यांत, तेही शनिवार-रविवारी, आरडीएचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. तुम्हाला एक्स-रेचं सर्टिफिकेट आणि थोडी तोंडओळख मिळते, आणि तुम्ही साध्या असिस्टंट म्हणूनच कामाला लागता. पंधरा महिन्यांचं घड्याळ तिथून पुढे सुरू होतं. म्हणजे वेळ वाचल्यासारखा वाटला तरी परवान्यापर्यंत तुम्ही कॉलेजवालीच्या मागेच असता.

तरीही घराच्या, मुलांच्या वेळांमुळे खासगी संस्थाच जमणार असेल, तर तीन मान्यता वेगवेगळ्या तपासा, कारण जाहिरातीत त्या एकाच शब्दात गुंडाळलेल्या असतात. खासगी शिक्षणसंस्था चालवायची राज्याची परवानगी ही एक, डेंटल बोर्डाने त्या कोर्सला दिलेली मान्यता ही दुसरी, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या अंतर्गत काम करणाऱ्या कोडा या आयोगाची मान्यता ही तिसरी. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. ही पहिली परवानगी देणाऱ्या राज्याच्या ब्युरोखाली येणाऱ्या संस्थेने प्रवेशाआधी तुम्हाला एक तक्ता द्यावा लागतो: किती जण कोर्स पूर्ण करून गेले, कितींना त्या कामाची नोकरी लागली, पगार किती मिळाला. तो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

मी एवढं बजावून सांगते त्याला कारण आहे. याच राज्यात मुख्यालय असलेल्या कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीची एव्हरेस्ट नावाची कॉलेजं गल्लोगल्ली होती, आणि त्यांच्या यादीत डेंटल असिस्टंट आणि क्रिमिनल जस्टिस हे दोन्ही कोर्स होते. नोकरी लागल्याचे खोटे आकडे दाखवून मुलं भरती केल्याबद्दल राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०१३ मध्ये खटला भरला. एप्रिल २०१५ मध्ये उरलेली केंद्रं एका झटक्यात बंद झाली आणि सुमारे १६,००० विद्यार्थी अर्ध्यावर अडकले. शेवटी जून २०२२ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने त्या कंपनीच्या ५,६०,००० कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं हप्ते भरण्यात गेली होती. त्यातल्या कितीतरी जणी तुमच्याच वयाच्या, मुलं शाळेत घालून नव्याने सुरुवात करायला निघालेल्या बायका होत्या. सगळ्या खासगी संस्था अशा नसतात, काही प्रामाणिकपणे शिकवतात. पण संस्था प्रामाणिक आहे की नाही हे तिने दिलेल्या कागदांवरून ठरवा, स्वागतकक्षातल्या गोड बोलण्यावरून नको.

कॉलेजात वर्षभर असतं तरी काय, हेही विचारलंय तुम्ही. कोडाच्या नियमाप्रमाणे मान्य कोर्सला किमान ९०० तास लागतात, आणि त्यातले ३०० प्रत्यक्ष क्लिनिकमधले. ते तास कशात जातात ते सांगते.

आमचा सगळा धंदा चार हातांचा आहे. दोन डॉक्टरांचे, दोन आपले. पेशंटचा चेहरा म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, कपाळाकडे बारा. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर सात ते बाराच्या पट्ट्यात बसतो, असिस्टंट दोन ते चारच्या. हत्यारांची देवाणघेवाण चार ते सातमध्ये, म्हणजे पेशंटच्या हनुवटीखाली, छातीच्या वर. डोळ्यांसमोरून सुई किंवा टोकदार हत्यार कधीच जाता कामा नये. उजव्या हातात मोठं सक्शन, डाव्या हाताने हत्यार पुढे करायचं आणि वापरलेलं त्याच हाताच्या करंगळीत परत घ्यायचं. आपण सगळ्या उजव्या हाताने कामं करत वाढलेल्या, त्यामुळे डाव्याला ही सवय लागायला महिने जातात. डॉक्टरांनी नजर न हलवता हात पुढे केला आणि हवं तेच हत्यार हव्या त्याच दिशेने तळहातात पडलं, की समजायचं बाई तयार झाली. हे व्हिडिओ पाहून येत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून कोपर धरून सुधारावं लागतं, आणि कॉलेजात ते होतं.

दातांचे नंबर नव्याने पाठ करावे लागतील. भारतात दोन आकडी पद्धत आहे, तोंडाचे चार भाग आणि प्रत्येकात एक ते आठ. इथे १ ते ३२ अशी सलग मोजणी. वर उजवीकडची अक्कलदाढ १, तिथून वरच्या रांगेने डावीकडे १६, खाली उतरून डावीकडे १७, आणि फिरून उजवीकडे ३२. म्हणजे वरचे पुढचे मधले दोन दात ८ आणि ९. दुधाच्या दातांना इंग्रजी अक्षरं. तुम्ही कोऱ्या पाटीने येताय, तुम्हाला हे सोपं जाईल. भारतात दवाखान्यात काम केलेल्या मुली मात्र अकरा ऐकलं की अजून पुढचा दात बघतात, आणि इथे अकरा म्हणजे डावीकडचा सुळा. चुकीच्या दाताची नोंद म्हणजे चुकीच्या दातावर काम, त्यामुळे आम्ही यात एकही गुण सोडत नाही.

सगळ्यात जास्त जीव मी निर्जंतुकीकरणावर ओतते. वापरलेली हत्यारं जाड हातमोजे घालून आणायची, अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वॉशरमध्ये साफ करायची, वाळवायची, पाकिटात बंद करायची आणि मगच ऑटोक्लेव्ह या दाबाच्या वाफेच्या यंत्रात. रक्त किंवा सिमेंट चिकटलेलं हत्यार कितीही तापवलं तरी निर्जंतुक होत नाही. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे वाफ तिथवर पोचली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही हे आठवड्याला एकदा केलेल्या स्पोअर टेस्टवरून ठरतं, आणि त्या टेस्टची वही नीट ठेवावी लागते. गडबडीच्या दिवशी, पेशंट बाहेर ताटकळत असताना, डॉक्टर घाई करत असतानाही ज्या मुलीचा हात इथे चुकत नाही, तिला मी डोळे मिटून कुठेही शिफारस देते.

याशिवाय एक्स-रे, दातांचे साचे, सिमेंट आणि फिलिंगचं साहित्य, औषधं, आणीबाणीत काय करायचं, चार्टिंग. साच्याचं अल्जिनेट थंड पाण्यात कालवलं की सावकाश घट्ट होतं, कोमट पाण्यात पटकन. उलटी येणाऱ्या पेशंटच्या तोंडात ट्रे असताना ही एवढीशी गोष्ट दोघींचे प्राण वाचवते. आणि नोंदणी, बिलं, विमा. तुमच्या बी.कॉम.चा आणि बँकेतल्या सवयीचा तिथे उपयोग होईल. विम्याचे कोड बिनचूक लावणारी, नाकारलेला क्लेम पुन्हा पाठवून पैसे आणणारी बाई लहान क्लिनिकला सहजी मिळत नाही. पुढे पाठ-मान बोलू लागली तर फ्रंट ऑफिसचा हा रस्ता तुमच्यासाठी उघडा राहील.

पाठ-मान बोलू लागतेच, ते आधीच सांगते. तासन्‌तास वाकून बसायचं, मनगट एकाच कोनात. पगाराबद्दलही स्वच्छ बोलू. देशभरात डेंटल असिस्टंटचा मध्यम पगार २०२३ मध्ये वर्षाला साधारण ४६,५०० डॉलर होता. बे एरियात, म्हणजे आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, तासाचा दर बराच बरा आहे, घरभाडंही तसंच. लहान क्लिनिकं बऱ्याचदा आठवड्याचे चारच दिवस काम देतात आणि आरोग्य विमा देत नाहीत. नवऱ्याच्या नोकरीचा विमा असलेल्या घरात हे चालून जातं, एकटीवर घर असेल तर गणित वेगळं मांडावं लागतं. आणखी एक: "वर्किंग इंटरव्ह्यू" म्हणून दिवसभर राबवून घेतलं तर त्याचे पैसे द्यावे लागतात. ते आधीच ठरवा, लाजू नका.

हायजिनिस्ट आणि असिस्टंट यांची गल्लत करू नका. दात साफ करणारी, हिरड्यांवर काम करणारी ती हायजिनिस्ट. तिचं बोर्ड वेगळं, परवाना वेगळा, पगार जवळजवळ दुप्पट, २०२३ मध्ये मध्यम पगार ८७,५०० डॉलरच्या आसपास. पण आधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय चांगल्या ग्रेडने करावे लागतात, मग साधारण दोन वर्षांचा कोर्स, आणि जागांसाठी चढाओढ. आधी असिस्टंट होऊन, कमावता कमावता संध्याकाळी विज्ञानाचे विषय पुरे करून हायजिनला गेलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्यात. तुम्हाला विज्ञानाची धास्ती नसेल तर हे मनात ठेवा.

लोकांचं तोंड साफ करायला अमेरिकेत आलीस का, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. घाबरलेल्या म्हाताऱ्या पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणारी असिस्टंट क्लिनिकला किती हवी असते ते मी जाणते. फ्रीमाँट, सनीव्हेलमध्ये मराठी, हिंदी, गुजराती येणं ही नोकरीच्या अर्जात लिहिण्यासारखी गोष्ट आहे, नक्की लिहा.

भारतातून बीडीएस करून आलेल्या मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी चार ओळी. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्यापुढे आयएनबीडीई ही परीक्षा आणि परदेशी दंतवैद्यांसाठीचे डेंटल स्कूलचे कार्यक्रम आहेत, त्यांचा खर्च मोठा आणि जागा थोड्या. तोवर असिस्टंटचं काम केलंत तर इथली कामाची पद्धत कळते आणि शिफारसपत्रं मिळतात. डीएएनबी या असिस्टंटची परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेच्या सर्टिफिकेशनसाठी परदेशी दंतवैद्यक पदवीधरांना वेगळा रस्ता आहे, वर्षभराचा कोर्स त्यासाठी नव्याने करावा लागत नाही. त्या पुढच्या प्रवासाची पायरी म्हणून हे काम करत असाल तर कमीपणा मानायचं काही कारण नाही.

आता मुलाचं. तुमच्या गावच्या ओलोनी कॉलेजात, तसंच डी अँझा, चाबो, एव्हरग्रीन व्हॅली इथे हा विषय आहे, पण कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत त्याचं नाव बहुतेक ठिकाणी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस असं असतं. शोधताना नुसतं क्रिमिनल जस्टिस टाकलंत तर कदाचित सापडणार नाही. अमेरिकेत पोलिसांनी कॉलेजात शिकावं ही चळवळ आपल्या शेजारच्या बर्कलीत सुरू झाली. तिथले पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये पोलिसांची शाळा काढली, आणि १९३० मध्ये सॅन होजे स्टेटमध्ये पोलीस शिक्षणाचा अभ्यासक्रम आला. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी पैसा दिला आणि देशभरच्या कम्युनिटी कॉलेजांत हा विषय पसरला.

विषय उत्तम आहे. फौजदारी कायदा, पुरावा, बालगुन्हेगारी, समाज आणि पोलीस यांचे संबंध. पण दारात पोस्ट नावाचा, पोलिसांचे निकष ठरवणारा राज्याचा आयोग उभा आहे, आणि त्याच्या मागे भरती करणारं पोलीस खातं. ते काय मागतात पाहा. वय २१, हा नियम २०२२ पासून आहे. शिक्षण किमान हायस्कूल. म्हणजे दोन वर्षांची पदवी ही भरतीची अट नाही, पदवी असली तर पुढे पगारात किंवा बढतीत मदत होते इतकंच. लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, वैद्यकीय आणि मानसिक तपासणी, आणि सगळ्यात जड म्हणजे पार्श्वभूमीची चौकशी. मग किमान ६६४ तासांची ॲकॅडमी, म्हणजे पोलीस प्रशिक्षण, बहुतेक ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त, आणि त्यानंतर प्रशिक्षक अधिकाऱ्याबरोबर किमान १० आठवडे रस्त्यावर.

ॲकॅडमी आणि पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मुलाला हे आज समजावून सांगा. रिओ होंडो, गोल्डन वेस्ट, नापा व्हॅली या कम्युनिटी कॉलेजांच्या स्वतःच्या ॲकॅडमी आहेत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. वर्गात बसून पदवी घेतली म्हणजे ॲकॅडमी झाली असं नाही. ॲकॅडमीत स्वतःच्या पैशाने जाता येतं, पण खात्याने आधी निवड करून पाठवलं तर शिकतानाच पगार मिळतो. माझे सहकारी मुलांना आधी खात्यांकडे अर्ज करायला लावतात ते याचसाठी.

शारीरिक चाचणीची कल्पना यावी म्हणून: ॲकॅडमीत १६५ पौंडांचा, म्हणजे ७५ किलोंचा पुतळा ३२ फूट ओढत न्यावा लागतो, सहा फुटी जाळीचं कुंपण आणि सहा फुटी सपाट भिंत चढावी लागते, ९९ यार्डांचा अडथळ्यांचा मार्ग आणि ५०० यार्ड धावणं. सांगलीकडे भरतीची पोरं पहाटे रस्त्यावर १,६०० मीटरची तयारी करताना तुम्ही पाहिली असतील. इथेही तसंच, वर्षभर आधी सुरुवात करावी लागते.

पार्श्वभूमीच्या चौकशीत शेजारी, शिक्षक, जुने मालक यांना भेटतात. गाडी चालवण्याची नोंद, उधारी, अमली पदार्थ, समाजमाध्यमांवर टाकलेलं सगळं पाहतात. आपल्या घरांत एक सवय असते, छोटी चूक "कशाला सांगायची" म्हणून झाकायची. इथे ती सवय घात करते. सोळाव्या वर्षी केलेला मूर्खपणा बऱ्याचदा माफ होतो, तो लपवला हे उघड झालं की दार बंद. ते दार एका खात्यापुरतंही राहत नाही, कारण पुढचं खातं आधीच्या अर्जाबद्दल विचारतं.

आणि तुमच्या घरातली खरी अडचण व्हिसाची आहे. जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात पोलीस होण्यासाठी नागरिकत्वाची अट राहिलेली नाही, कायदेशीर काम करण्याची परवानगी पुरते. हे वाचून घरात आनंद झाला असेल. पण मुलगा एच-फोरवर आहे. वर्क परमिट तुम्हाला, पत्नीला मिळतं, मुलांना नाही. शिवाय केंद्राचा कायदा एच-फोरसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगू देत नाही. बंदुकीशिवाय पोलीस अधिकारी नाही. म्हणजे ग्रीन कार्ड येईपर्यंत हा रस्ता त्याच्यासाठी बंद आहे, आणि पोलीस व्हायचं वय २१ तर एच-फोर सुटायचं वयही २१. त्या वाढदिवसाचा हिशेब तुमच्या वकिलाबरोबर आत्ताच बसून करा, अर्ज रांगेत असलेल्या मुलांच्या वयाबद्दलच्या संरक्षणाचा नियमही त्यांना विचारा. एफबीआयसारख्या केंद्रीय संस्थांना तर नागरिकत्व लागतंच.

म्हणून माझं म्हणणं असं. त्याने ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस जरूर घ्यावं, पण चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येईल अशा ट्रान्सफर पदवीच्या आराखड्यात. ती पदवी पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एखाद्या तरी कॅम्पसमध्ये तिसऱ्या वर्षाला जागेची हमी असते. जोडीला मानसशास्त्र, सांख्यिकी, अकाउंटिंग किंवा कॉम्प्युटर यांतलं काहीतरी भक्कम घ्यावं. उद्या ग्रीन कार्ड वेळेत आलं तर पोलीस, नाही आलं तर हातात चालणारी पदवी. ग्रीन कार्ड आल्यावर २१ व्हायच्या आत काही करायचं तर पोलीस कॅडेट, रेकॉर्ड्स विभाग किंवा ९११ चा डिस्पॅचर ही कामं आहेत. डिस्पॅचरसाठी पोस्टचा १२० तासांचा मूळ कोर्स असतो, बंदूक लागत नाही, आणि पलीकडून घाबरून बोलणाऱ्या माणसाला शांत ठेवण्याचं ते काम मला फार मोलाचं वाटतं.

त्याला बारावीत असतानाच ओलोनीत या विषयाचा पहिला वर्ग घेऊ द्या. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं युनिटची फी लावत नाहीत, शाळेच्या समुपदेशकाची आणि तुमची सही लागते. निवृत्त अधिकाऱ्याच्या तोंडून रात्रपाळी, कोर्टाच्या तारखा आणि अहवाल लिहिण्याचे तास ऐकले की पोरांची ओढ एकतर पक्की होते किंवा उतरते. दोन्ही बरंच.

तुमच्या बाजूने आता करायची कामं. सॅन होजे सिटी, फुटहिल, कॉलेज ऑफ सॅन मटेओ, कॉलेज ऑफ अलामेडा यांच्या डेंटल असिस्टिंगच्या माहिती-बैठकांच्या तारखा काढा. बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बॅच सुरू होते आणि वर्ग दिवसभर असतात, हे घरात आधी बोलून ठेवा. बैठकीत मागच्या बॅचमधल्या किती जणींनी आरडीए दिली आणि किती पास झाल्या ते विचारा. कावीळ ब ची लस आजच सुरू करा, तिचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने जातात आणि त्याशिवाय क्लिनिकमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. टीबीच्या तपासणीला त्वचेची चाचणी नको, रक्ताची द्या म्हणून सांगा. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्वचेची चाचणी त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग विनाकारण छातीच्या एक्स-रेची धावपळ होते. वर्क परमिटच्या नूतनीकरणाची तारीख कोर्स संपण्याच्या महिन्याशी ताडून पाहा. ती मध्ये येत असेल तर मुभा मिळेल त्या पहिल्या दिवशी अर्ज टाका, म्हणजे परीक्षा पास होऊन परवाना हातात आला तेव्हा काम सुरू करता येईल.

बी.कॉम.च्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन लागेल का, हे प्रत्येक कॉलेज वेगळं सांगतं. आधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर आल्यावरच मूल्यांकनाचे पैसे भरा.